उजव्या बाजूची जखम

…नाही हो ताई, तो डबा आधी फ्रीजमध्ये परत ठेवा. ठेवा म्हणते ना. उघडा राहिला की वरचा थर सुकतो, सुरकुत्या पडतात, मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही — हां, ठेवलात? बरं झालं. बसा आता. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, इकडे खिडकीपाशी बसा. चहा टाकते. आणि जरा हळू बोलू या, दार नुसतं लोटलंय, आईंना सगळं ऐकू जातं. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून पाय गेलेत त्यांचे, कान नाही गेले. उलट तिखट झालेत. शेजारच्या घरात कोण कुणाला काय बोललं ते मला संध्याकाळी आल्या आल्या सांगतात, वर आवाज काढून दाखवतात.

हे बघा, तुम्ही मघाशी त्यांचं अंग पुसायला गेलात, कुशीवर वळवलंत, आणि काय दिसलं तुम्हाला? डाव्या खुब्यावर नवी कोरी गुलाबी कातडी, आणि उजव्या खुब्यावर उघडी जखम. आई एक, गादी एक, सून एक — मग एक बाजू बरी आणि दुसरी तशीच कशी, हेच ना? विचारलंतच तुम्ही. आणि मी काय म्हटलं? ‘असतं कधीकधी तसं.’ म्हटलं खरं. तुम्ही काही कुक्कुलं बाळ नाही की त्यावर गप्प बसाल. सरळ येऊन फ्रीज उघडलात आणि नेमका तोच डबा बाहेर काढलात — म्हणजे आईंनी सांगितलं. सांगितलं ना? काय सांगितलं नेमकं? ‘ती डाव्या बाजूला फ्रीजमधलं जेल लावायची.’ एवढंच? अजून काही? उजव्या बाजूबद्दल काही म्हणाल्या? नाही? …बरं.

सांगते. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी धरून बसाल. मी काय काम करते ते तुम्हाला माहितीये का? लग्नात कुणीतरी सांगितलं असेल, नवरी प्रयोगशाळेत असते म्हणून, आणि तुम्ही मान डोलावली असेल. सगळेच डोलावतात. आम्ही हायड्रोजेल बनवतो. नाव मोठं, वस्तू साधी. समुद्रातल्या शेवाळाचा डिंक पाण्यात फुलवायचा, त्यात एरंडेल घालून इतकं घुसळायचं, इतकं घुसळायचं की तेलाचा थेंब डोळ्याला दिसता कामा नये, मग लिंबात असतं तसलं आम्ल घालायचं, ताटात पातळ ओतायचं आणि उबेला ठेवायचं. की झालं. मऊ, लिबलिबीत पान तयार होतं. स्वतःच्या कितीतरी पट पाणी पिऊन बसतं आणि गळू देत नाही, जखमेला लागेल तसं, लागेल तेवढंच सोडतं. आणि काम झालं की जातं. कुठे जातं? कुठेच नाही, विरतं, संपतं. उरलेले तुकडे मी या खिडकीतल्या कुंडीत पुरले होते — आता उकरून बघा, माती आहे नुसती. तुमच्या भावाने एकदा रात्रीचं जेवण झाल्यावर पुडिंग समजून त्यात चमचा घातला होता. चांगला तोंडात टाकला. मग मला विचारतात, यात साखर कमी का आहे? मी म्हटलं, घाबरू नका, एरंडेल आहे, फार तर पोट साफ होईल. आई इतक्या हसल्या होत्या त्या दिवशी — इतक्या, की मला वाटलं टाके उसवतात की काय.

तर ते जेल. आता आईंचं. तुम्ही रविवारी व्हिडिओवर दिसायचात, तुम्हाला त्यांचा चेहरा दिसायचा — चेहरा छानच असतो हो त्यांचा, केस विंचरून, पावडर लावून बसवायची मी त्यांना तुमच्यासाठी. खाली काय चाललंय ते कॅमेऱ्यात येत नाही. टोमणा नाही मारत. म्हणजे मारतेय थोडा, पण तुमचा काही दोष नाही, तुमचं घर तिकडे, तुमची मुलं तिकडे. इतकंच सांगतेय की दोन्ही खुब्यांवर बेडसोर एकाच आठवड्यात झाले. हवेची गादी होती, दर दोन तासांनी वळवत होतो, तरी झाले. तुमचे भाऊराय जखम बघून भिंतीला टेकून खाली बसले, घामाघूम. एवढा मोठा माणूस, कारखान्यात दीडशे लोकांवर ओरडतो, आणि आईची जखम बघून मला म्हणतो, पाणी दे. तेव्हापासून त्या खोलीतलं ते काम माझं एकटीचं. वळवणं माझं, धुणं माझं, पट्टी बदलणं माझं. मी कुरकुर नाही करत — विचारा आईंना, केली का कधी? आमचं दोघींचं चांगलंच होतं पहिल्यापासून. लोक म्हणायचे, सासू-सून वाटत नाहीत, माय-लेकी वाटतात. मलाही तसंच वाटायचं.

आणि ती साधी पट्टी म्हणजे कसंय — वाईट नाहीये ती. डॉक्टरांनी दिली, सगळे डॉक्टर देतात, तिनेच कितीतरी लोक बरे होतात. पण ती सुकते. सुकली की जखमेला धरते, आणि काढताना, कितीही भिजवा, कितीही हळू करा, जखमेचं नवं आलेलं असतं ना नाजूक, ते थोडं सोबत निघतंच. आई उशीचा कोपरा दातात धरायच्या. आवाज नाही, काही नाही. नुसता कोपरा दातात. मी पट्टी काढायची, त्या कोपरा सोडायच्या, आणि म्हणायच्या, झालं? मी म्हणायचे, झालं. मग म्हणायच्या, हात किती हलका आहे गं तुझा. आणि मी दिवसभर प्रयोगशाळेत काय करत बसले होते? जे चिकटत नाही, जे काढावंच लागत नाही, असं पान बनवत बसले होते. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? बोला ना. आणलंच असतंत ना घरी?

परवानगी? नाही, परवानगी नव्हती. अजून नाहीये. उंदरांवर झालंय, छान झालंय, पण माणसावर लावायला कागद लागतात, समिती लागते, आणि आमचे सर म्हणजे असा माणूस आहे की छत्री उघडायलाही समिती नेमेल. ते बरोबरच आहे हो, तसंच पाहिजे, मीच नव्या मुलींना शिकवते की घाई करायची नाही. पण ती उशी घरी होती ना, सरांच्या घरी नव्हती. मी आईंना विचारलं. लपवून काही केलेलं नाही — म्हणजे तुमच्या भावापासून लपवलं, डॉक्टरांपासून लपवलं, पण आईंपासून नाही. नीट समजावून सांगितलं, कशाचं आहे, काय होऊ शकतं. त्या म्हणाल्या, म्हणजे मी तुझी पहिली गिऱ्हाईक? मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, मग माल चांगला दे, नाहीतर दुकानासमोर उभी राहून ओरडेन. आणि बोटाने खूण केली, कुणाला सांगायचं नाही, आपल्या दोघींतलं.

दूध जरा कमी आहे, चालेल ना? कडक होईल.

मग आता तुमचा खरा प्रश्न. दोन्ही बाजूंना का नाही लावलं? ताई, हे तुम्हाला कसं सांगू — हे ना, आमच्या लोकांना लागलेलं एक खूळ आहे. तुम्ही भाजीत नवीन काही घातलं आणि भाजी चांगली झाली, तर तुम्ही म्हणता, वा, चांगली झाली. आम्ही म्हणतो, हे घातलं म्हणून झाली, की आज भाजीच कोवळी होती? मग आम्ही दोन पातेली ठेवतो. एकात घालायचं, एकात नाही घालायचं. बाकी सगळं सारखं. तेव्हा कुठे आम्हाला घास गिळवतो. आणि आईंच्या जखमा, ताई — तशा जखमा मिळत नाहीत हो. काय बोलतेय मी. पण खरं आहे ते. एकाच माणसाच्या अंगावर, एकाच वेळी झालेल्या, दोन्ही बाटलीच्या बुचाएवढ्या, दोन्ही सारख्या खोल. आमच्याकडे लोक असल्या तुलनेसाठी आयुष्य घालवतात. आणि ती माझ्या घरात, आतल्या खोलीत, माझ्या हाताखाली. डावीकडे जेल, उजवीकडे डॉक्टरांची पट्टी. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. कुठलीच बाजू उपाशी नव्हती ना! उजवीकडे डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होतंच की. उलट माझंच जेल बिघडलं असतं तर? तर एकच बाजू बिघडली असती. सावधगिरीच होती ती.

हो. मला माहितीये तुम्ही काय विचारणार ते. डावी बरी व्हायला लागल्यावर काय?

डावी भरत आली. कडेने कातडी आत सरकत सरकत — मी रोज सकाळी बघायची, पडदा सारून उजेडात बघायची, आणि ताई, खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद व्हायचा की मी त्या खोलीतून निघताना गाणं गुणगुणायची. उजवी तशीच. एक दिवस बरी वाटायची, दुसऱ्या दिवशी पट्टीबरोबर परत निघायची. मग तेव्हा लावायला हवं होतं उजवीकडे. कुणीही लावलं असतं. तुम्ही तर फ्रीजकडे धावलात, एका मिनिटात, काही माहिती नसताना. आणि मी? मी म्हटलं, डावी पूर्ण बंद होऊ दे. ती बंद झाली. मग म्हटलं, बंद झालेली टिकते का बघू, उघडत तर नाही ना परत. ती टिकली. मग म्हटलं — काय म्हटलं बरं — हां, मग म्हटलं की आई उजव्या कुशीवर जास्त असतात, दार त्या बाजूला आहे, कोण आलं कोण गेलं बघायचं असतं त्यांना, तेव्हा उजवीवर भार जास्त पडत असेल, तर तो फरक जेलचा नसून दाराचा असेल, तर आता पलंग फिरवून बघू. फिरवला पलंग! तुमच्या भावाला सांगितलं, उजेड चांगला येतो या बाजूने. बिचाऱ्याने एकट्याने फिरवला. मला कारणं सुचत होती ताई, आणि एकेक कारण असं चोख होतं की काय सांगू. त्यातल्या एकाही कारणाला तुम्ही खोटं म्हणू शकणार नाही.

कुणाला दाखवणार होते? हेच, हेच विचारलं तुमच्या डोळ्यांनी. कुणालाच नाही. परवानगीशिवाय लावलेलं, घरात, सासूवर — सरांपुढे नुसतं नाव काढलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि जायलाच हवी होती. समितीला दाखवता येत नाही, कुठे छापता येत नाही, मैत्रिणीला सांगता येत नाही. मग कुणासाठी? फक्त माझ्यासाठी. मला एकटीला पक्की खात्री हवी होती, की हे मी केलं. की इतकी वर्षं जे घुसळत बसले त्याने खरोखर एका माणसाची जखम भरली, ती आपली आपण भरली नाही. इतकीच हाव. आणि दोन्हीकडे लावून दोन्ही बऱ्या झाल्या असत्या तर ते कधीच कळलं नसतं, आयुष्यभर मनात राहिलं असतं, कदाचित आपोआपच झाल्या असतील. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं ना? मलाही आत्ता, तुमच्यासमोर मोठ्याने बोलताना, वाटतंय.

घ्या, चहा घ्या. गाळणं कुठे ठेवलं मी… हे काय, हातातच आहे.

त्यांनी मागितलं होतं. हो. हे त्यांनी तुम्हाला नाही ना सांगितलं? नाही सांगणार त्या. त्यांनी मागितलं होतं — अगं, डावीकडचं लावतेस ते बरं आहे, उजवीकडेही लाव ना थोडं. अगदी असं, जेवताना कुणी म्हणावं ना, आमटी वाढ गं जरा, तसं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आई. त्या म्हणाल्या, बरं. पुढच्या आठवड्यात परत म्हणाल्या. मी म्हटलं, नवीन ताट लावलंय, तयार झालं की लावू. त्या म्हणाल्या, बरं. आणि मग त्यांनी मागणंच बंद केलं. मला बरं वाटलं हो. मला वाटलं, उजवीकडचं दुखणं कमी झालं असेल. एवढी शिकलेली बाई मी, दुखणाऱ्या माणसाने मागणं बंद केलं तर त्याचा अर्थ काय होतो, तो मला नाही लागला. किंवा लागला होता. माहीत नाही.

मग परवाचं. आता हे सांगतेच, तुम्ही उद्या त्यांच्याकडून ऐकण्यापेक्षा. परवा सकाळी मी उजवीकडची पट्टी बदलत होते आणि त्यांनी उशी दातात धरली नाही. नुसतं माझ्याकडे बघत होत्या मान वळवून. आणि हळूच म्हणाल्या, आज तरी लावतेस का गं? तर मी — मला ते बघणं सोसवेना, ताई — मी म्हटलं, हो आई, आज लावलंय. आणि पट्टी चिकटवली. तीच. साधी. डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं मी. का म्हटलं? त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं. आणि दोन पातेली सारखी राहावीत म्हणूनही म्हटलं. दोन्ही. तर त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, हो गं, गार वाटतंय. एकदम गार. किती बरं वाटलं.

तुम्ही रडू नका. मी रडले नाही तेव्हा. मला काय वाटलं ते सांगू? सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. मला दया नाही आली पहिल्यांदा. लाज पण नाही. पहिली गोष्ट मनात आली ती अशी — अरेच्चा! उजवीकडे काहीच नाही, तरी गार वाटतंय म्हणाल्या. मग डावीकडचं गार वाटतंय म्हणत होत्या, ते? ते खरं होतं का? माझा सगळा हिशेब त्या शब्दावर उभा होता ना! जखम भरली ते दिसतं डोळ्यांना, पण लावताना काय होतं, झोंबतं की निवतं, ते मी कुठून घेतलं? त्यांच्या तोंडून. पहिल्या दिवसांत डावीकडच्या कडेला लाली यायची. मी दरवेळी विचारायची, झोंबतंय का आई? आणि त्या दरवेळी, दरवेळी, नाही गं, गार वाटतंय. उंदीर बोलत नाहीत अशी मी तक्रार करत असते नेहमी. उंदीर खोटं तरी बोलत नाहीत.

हे बोट बघा. ही पट्टी. कांदा चिरताना कापलं असं सांगितलंय मी घरात. कांदा नव्हता. परवाच दुपारी, या ओट्यापाशी उभं राहून, सुरीने जरासं — काही नाही हो, एवढंसं. आणि त्यावर ते पान ठेवलं. डावीकडे लावलं होतं त्याच ताटातलं, उरलेलं. ताई, मिठात बोट घातल्यासारखं झोंबलं. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. आम्ल राहतं त्यात, धुऊन जायला पाहिजे तितकं जात नाही, हे आता कळतंय. थोड्या वेळाने शांत होतं, मग खरंच बरं वाटतं, पण पहिला तो वेळ — आणि माझं बोटावर एवढंसं कापलेलं. त्यांचं बुचाएवढं उघडं. रोज. आणि रोज, गार वाटतंय. हात किती हलका आहे गं तुझा.

का असं करावं त्यांनी? मी काय त्यांना खाल्लं असतं? एकदा म्हणायचं, मेले, भाजतंय, काढ ते! मी काढलं असतं, धुतलं असतं, आम्ल कमी केलं असतं, हातासरशी व्हायचं काम होतं ते. नंतर केलंच ना मी? काल रात्री जागून नवीन ताट केलं, तीन तीनदा धुतलं, परत बोटावर लावून बघितलं — आता जवळजवळ झोंबत नाही. डब्यात आहे ते तेच. मग ते आधी होऊ शकलं नसतं? पण त्यांनी सांगितलं नाही. त्यांना माझं ते जेल चांगलं ठरायला हवं होतं. मी संध्याकाळी घरी येताना तोंड कसं घेऊन येते ते त्या बघत असतात ना, दाराकडे तोंड करून. म्हणून. दुसरं काय असणार.

आणि आज सकाळी तुम्ही आलात. बॅग अजून उघडली नाही, आणि आत गेलात अंग पुसायला. मी इथे बशा विसळत होते. आणि आतून आवाज — ‘अगं हळू! पाणी किती गार आणलंस! बधिर झालीयेस का, तिकडे दुखतंय मला!’ — ताई, मी बशी हातात धरून तशीच उभी राहिले. मला आधी कळेचना कुणाचा आवाज आहे तो. एवढ्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्यावर कधी ओरडल्या नाहीत त्या. एकदाही नाही. आणि मी तेच मिरवत आले, आमच्या आई मला कधी एका शब्दाने बोलत नाहीत म्हणून. लोक हेवा करायचे. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचं तोंड पडलं होतं, तुम्हाला वाटलं आल्या आल्या आईने झापलं. मला तर वाटत होतं, तुमच्या जागी मी असते तर.

तिखट नका बघू असं माझ्याकडे. इतकी वर्षं झाली तरी मी सूनच राहिले, त्यात तुमचा काय दोष. माझाच असेल. पाहुण्यासारखं वागवलं त्यांनी मला, आणि मी त्याला प्रेम म्हणत राहिले — प्रेमच आहे ते, नाही असं नाही, पण त्या प्रेमाला विचारून दुखतं की नाही ते कळत नाही.

नाही, थांबा. तुम्ही उठा, डबा काढा. हो, तोच. आता काढा. तुमच्या भावाला मी आज संध्याकाळी सांगते, आणि डॉक्टरांना आत्ता फोन करते — हो, आत्ताच, तुम्ही आत असताना, सगळं सांगते, डावीचं आणि उजवीचं. ओरडू दे त्यांना. तुलना संपली. आता कधीच कळणार नाही मला, नको कळू दे.

हे बघा, सोपं आहे. हात धुवा आधी, इथे, साबणाने. पट्टी काढण्याआधी कोमट पाण्याने चांगली भिजवा, घाई नाही. जखम त्यांच्या उशाशी सलाईनची बाटली आहे, तिच्यातल्या पाण्याने धुवा. मग पान चिमट्याने उचलायचं, ताणायचं नाही, नुसतं ठेवायचं, ते आपोआप बसतं. ठेवल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघा. मी पाठवलं म्हणून सांगू नका. आणि झोंबलं तर लगेच काढायचं आणि पाण्याने धुऊन टाकायचं, समजलं ना? माझ्या बोटावर भरवसा ठेवू नका, बोट ते बोट.

मी नाही येत. मी आत आले तर त्या आधी माझ्याकडे बघतील, आणि मग गार वाटतंय म्हणतील. मी लावलं तर भाजलं तरी गारच वाटतंय म्हणतील हो. तुम्ही लेक आहात. तुमच्यावर ओरडतात त्या. जा. मी इथेच उभी आहे.

जा ना ताई, नका थांबू आता. आणि दार लोटू नका. ओरडल्या तर मला ऐकू आलं पाहिजे.